डोक्याला मार लागला: घरी थांबायचं की दवाखाना गाठायचा?

डोक्याला मार लागला की घरात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, "उलटी झाली का?" आणि झाली नसेल तर लगेच दुसरं, "टेंगूळ बाहेर आलंय ना, मग आत काही नाही." माझ्या आईनं ही वाक्यं कितीदा म्हटली असतील, मीही म्हटली आहेत. दोन्हींवर भरवसा ठेवू नका. टेंगूळ म्हणजे कवटीवरच्या कातडीखाली साठलेलं रक्त. कवटीच्या आत काय चाललंय याची खबर त्याला नसते. लिंबाएवढं टेंगूळ आलेला माणूस तासाभरात ठणठणीत असू शकतो, आणि डोक्यावर ओरखडाही न उठलेल्या माणसाच्या मेंदूभोवती रक्त साठत असू शकतं. उलटीचंही तसंच. झाली तर ती खूण आहे, नाही झाली म्हणून सुटका नाही.

डोक्याला लागलेले बहुतेक मार साधेच असतात, दोन दिवस दुखून थांबतात. अडचण ही की साधा मार आणि जिवावरचा मार पहिल्या तासात अगदी सारखे दिसू शकतात. म्हणून जखम केवढी आहे यापेक्षा माणूस तासागणिक बदलतोय का, हे पाहायचं. ही नजर कशी ठेवायची आणि कुठल्या क्षणी ती सोडून तडक निघायचं, ते पुढे क्रमानं लिहिते.

पहिली काही मिनिटं

सगळ्यात आधी घड्याळ बघा. मार किती वाजता लागला हे दवाखान्यात पहिल्या दोन-तीन प्रश्नांत विचारतात, आणि तोवर घरातल्या कुणालाच ते नक्की आठवत नसतं. मोबाइलवर वेळ टिपून ठेवायला पाच सेकंद पुरतात.

मग मान. उंचावरून पडणं, वाहनाची धडक, जिन्यावरून गडगडणं असं काही झालं असेल तर डोक्याबरोबर मानेलाही इजा असू शकते. आपला हात मात्र लगेच त्या माणसाला उठवून बसवायला जातो. तो आवरा. त्याला पडल्या जागी राहू द्या, "मान हलवू नकोस" असं सांगा, आणि जमलं तर त्याच्या डोक्याशी गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी डोकं दोन बाजूंनी स्थिर धरा. आग किंवा वाहतूक यासारखा धोका असेल तरच हलवा. डोक्यावर हेल्मेट असेल तर ते राहू द्या. श्वास कोंडत असेल तरच काढायचं, तेही एकानं मान धरून आणि दुसऱ्यानं हळूहळू.

माणूस बेशुद्ध आहे पण श्वास चालू आहे, अशा वेळी उलटी घशात जाऊन गुदमरण्याची भीती मोठी असते. डोकं, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून, दोघा-तिघांनी मिळून त्याला कुशीवर वळवा. श्वासच चालू नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाब द्यायला लागा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, रुग्णवाहिका येईपर्यंत. ग्लानीतल्या माणसाच्या तोंडाला पाणी लावू नका. ते प्रेमानं केलं जातं, पण पाणी श्वासनलिकेत जातं.

डोक्याला खोक पडली की रक्त घाबरवून सोडतं. कवटीवरच्या कातडीत रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं, त्यामुळे बोटभर जखमेतूनही कपडे भिजतात. स्वच्छ कापडाची घडी ठेवून तळहातानं घट्ट दाबा आणि किमान दहा मिनिटं उचलून बघू नका. दर अर्ध्या मिनिटाला कापड वर करून "थांबलं का?" पाहिलं की जमलेली गुठळी सुटते आणि पुन्हा पहिल्यापासून. मात्र बोटाखाली हाड आत दबल्यासारखं लागलं, किंवा जखमेतून हाड दिसलं, तर दाबायचं नाही, नुसतं झाकायचं. आत काही रुतलं असेल तर उपटायचं नाही. जखमेत कुठलीही पूड भरायची नाही. टाके घालण्याआधी डॉक्टरांना ती सगळी उकरून काढावी लागते.

झटका (फिट) आला तर हातपाय दाबून धरू नका, दातांत चमचा घालू नका. आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर करा, किती वेळ चालला ते बघा, आणि थांबला की कुशीवर वळवा.

रुग्णवाहिकाच बोलवा, विचार करत बसू नका

हा भाग गडबडीत वाचला जाईल म्हणून ओळीनं देते. यातली एक गोष्ट जरी दिसली तरी तुमच्या भागातल्या तातडीच्या क्रमांकावर फोन करा:

- शुद्ध हरपली आहे आणि परत येत नाही, किंवा हाका मारूनही डोळे मिटत चाललेत
- झटका आला
- बोलणं अडखळतंय, असंबद्ध आहे, किंवा समोरच्याचं बोलणं समजत नाही
- एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडलाय, बधिर झालाय, तोल जातोय
- एकाचे दोन दिसतात, दिसणं किंवा ऐकू येणं अचानक कमी झालं
- दोन डोळ्यांतल्या बाहुल्या लहानमोठ्या झाल्या
- नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं पातळ गळतंय, किंवा कानातून रक्त येतंय
- डोळ्यांना काही न लागताही दोन्ही डोळ्यांभोवती काळंनिळं झालं, किंवा कानामागे तसा डाग उमटला
- कवटीवर खड्डा जाणवतो, हाड दिसतंय
- मार वाहनाच्या धडकेचा किंवा मोठ्या उंचीवरून पडल्याचा आहे

नाक-कानातलं ते पाणी म्हणजे मेंदूभोवतीचा द्रव असू शकतो, कवटीच्या तळाच्या हाडाला तडा गेल्याची खूण. वाकल्यावर ते जास्त टिपकतं, काहींना घशात खारट चव लागते. कापसाचा बोळा कोंबू नका, नाक शिंकरू देऊ नका, नुसतं पुसा. डोळ्यांभोवतीचे आणि कानामागचे डाग लगेच दिसत नाहीत. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी उमटतात, म्हणून सकाळी उजेडात पुन्हा एकदा कानामागे बघा.

बाहुल्यांविषयी दोन शब्द. काही लोकांच्या बाहुल्यांत मुळातच किंचित फरक असतो, आणि धडधाकट बोलत्या माणसाकडे टॉर्च मारमारून तो शोधण्यात अर्थ नाही. माणूस ग्लानीत असताना एक बाहुली मोठी झाली तर मात्र आतला दाब डोळ्याच्या नसेपर्यंत पोचलेला असतो. ती फार उशिराची खूण आहे. "बाहुल्या सारख्याच आहेत, मग थांबू" असं कधीही म्हणू नका.

रुग्णवाहिकेची गरज नसली तरी त्याच दिवशी दवाखाना गाठावा असंही बरंच काही आहे. काही सेकंद का होईना शुद्ध गेली होती आणि आता माणूस बरा बोलतोय. उलटी झाली; मोठ्या माणसाला एकाहून जास्त झाल्या तर तासाभरात सीटी स्कॅन व्हावा इतकं डॉक्टर ते गंभीर धरतात. डोकेदुखी गोळी घेऊनही वाढत चालली. पडण्याआधीचं किंवा नंतरचं आठवत नाही. स्वभाव बदलला, उगाच चिडतोय किंवा गप्प गप्प आहे. यातलं काहीही असेल तर निघा, आणि गाडी त्या माणसाला चालवू देऊ नका.

सुरुवातीला बरं, मग अचानक वाईट, असं का होतं?

कवटी ही बंद पेटी आहे. आत मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचा द्रव, तिघांची जागा मोजून-मापून. कुठे रक्तस्राव सुरू झाला की पहिल्यांदा थोडा द्रव आणि शिरांतलं थोडं रक्त बाहेर सरकून जागा करून देतं. तोवर माणूस अगदी नेहमीसारखा असतो, गप्पा मारतो, "मला काही झालेलं नाही" म्हणतो. ही सोय संपली की मात्र थोड्याशा वाढीव रक्तानंही दाब भराभर चढतो, आणि माणूस अर्ध्या तासात बोलता बोलता कोसळू शकतो.

कानशिलाजवळ कवटीचं हाड सगळ्यात पातळ आहे, आणि नेमकं त्याच्या आतल्या अंगाला चिकटून एक रोहिणी जाते. तिथं तडा गेला की ती फाटते आणि हाड व मेंदूच्या आवरणाच्या मध्ये रक्त साठायला लागतं. मार्च २००९ मध्ये ब्रिटिश अभिनेत्री नताशा रिचर्डसन कॅनडातल्या क्युबेक प्रांतात नवशिक्यांच्या उतारावर स्कीइंग शिकताना पडल्या. उठल्या, बोलल्या, उपचार नको म्हणाल्या. आलेली रुग्णवाहिका परत गेली. थोड्या वेळानं डोकं दुखायला लागलं. दोन दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला तेव्हा वय ४५ होतं. कारण हेच, हाडाच्या आतल्या बाजूचा रक्तस्राव. हा प्रकार वेळेवर हाती लागला तर शस्त्रक्रियेनं रक्त काढून माणूस पूर्ण बरा होऊ शकतो, म्हणून तर ही सगळी धडपड.

वरून ठीक दिसला तरी दाखवायलाच हवा, असा माणूस

वय ६५ च्या पुढे असेल. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील: वॉरफरिन, अपिक्साबान, रिव्हारोक्साबान, डॅबिगॅट्रान, किंवा क्लोपिडोग्रेल. रक्त न गोठण्याचा आजार असेल. आधी मेंदूची शस्त्रक्रिया झाली असेल. मूल वर्षाच्या आतलं असेल. दारू प्यायलेला असेल. किंवा घरी लक्ष द्यायला दुसरं कुणीच नसेल. अशा माणसाला लक्षण दिसेपर्यंत घरी ठेवू नका, मार लहान वाटला तरी डॉक्टरांच्या नजरेखालून घाला. गोळ्या मात्र आपल्या मनानं बंद करू नका. त्या हृदयासाठी किंवा पक्षाघात टाळण्यासाठी दिलेल्या असतात, बंद-चालूचा निर्णय डॉक्टरांचा.

दारूचं वेगळं सांगायला हवं, कारण इथे फसगत फार होते. अडखळतं बोलणं, झोकांड्या, उलटी, गुंगी: दारूची आणि मेंदूतल्या रक्तस्रावाची लक्षणं एकसारखी. "झोपू द्या, सकाळी उतरेल" म्हणून निजवलेला माणूस सकाळी उठतच नाही, अशानं जीव जातात. प्यायलेल्या माणसाचं डोकं आपटलं असेल तर गुंगी मारामुळेच आहे असं धरून चाला.

आणि आता बाबांचं सांगते. बाबा वॉरफरिन घेत. एकदा खालच्या कप्प्यातून काही काढून उठताना कपाटाच्या उघड्या दाराचा कोपरा डोक्याला लागला. रक्त नाही, टेंगूळही नाही. डोकं चोळलं, विसरले, आम्हीही विसरलो. जवळजवळ तीन आठवड्यांनी मी पाहिलं की चालताना त्यांच्या डाव्या पायातली चप्पल मागेच राहते आणि ते तसेच चार पावलं पुढे जातात. चप्पल निसटल्याचं त्यांना कळायचंच नाही. त्याच आठवड्यात दोनदा शर्टाची बटणं एक घर चुकवून लावलेली होती. आम्ही काय म्हटलं? "वय झालं." दिवसा झोप वाढली, तेही वयाच्या नावावर टाकलं. शेवटी नेलं तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "गेल्या दोन-तीन महिन्यांत डोकं कुठे आपटलं होतं का?" आम्ही एका सुरात नाही म्हणालो. आईला ते कपाट आठवलं तोवर बाबा स्कॅनच्या टेबलावर होते.

वय वाढतं तसा मेंदू थोडा आक्रसतो. मेंदूपासून आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा त्यामुळे ताणलेल्या राहतात आणि छोट्या धक्क्यानंही तुटतात. रक्त झिरपतं तेही थेंबाथेंबानं, आणि आत मोकळी जागा असल्यामुळे आठवडेच्या आठवडे काही कळत नाही. बाबांच्या डोक्यात उजव्या बाजूला तसं जुनं रक्त साचलं होतं. कवटीला दोन छिद्रं पाडून ते काढलं. पाचव्या दिवशी वॉर्डात चालताना चप्पल पायात राहिली.

घरी थांबायचं ठरलं तर

वरचं काहीच लागू होत नसेल, किंवा डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलं असेल, तर पहिले २४ तास माणसाला एकटं सोडायचं नाही. एक वही घ्या. मार लागल्याची वेळ वर लिहा आणि पहिले काही तास दर तासाला तीन गोष्टी टिपा: डोळे, बोलणं, हातपाय. डोळे आपणहून उघडे आहेत की हाक मारल्यावर उघडतात? बोलणं नेहमीसारखं आहे का? सांगितल्यावर दोन्ही हात सारख्याच जोरानं दाबतो का? स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरातले टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी १९७४ मध्ये याच तीन गोष्टींना गुण देण्याची पद्धत मांडली आणि आज जगभरचे दवाखाने शुद्धीचं माप तिच्यानंच घेतात: पूर्ण शुद्धीत १५, अगदी तळाला ३. तुम्हाला गुण मोजायची गरज नाही. तीन रकाने पुरे. दोन नोंदींमध्ये फरक पडलेला दिसला की निघा.

बोलणं तपासताना "तुझं नाव काय?" विचारू नका. नाव भलत्या गोंधळातही आठवतं. आपण आत्ता कुठे आहोत, पडण्याच्या आधी काय करत होतास, इथे कसे आलो, असं ताजं काहीतरी विचारा. तीन साधे शब्द सांगा आणि पाच मिनिटांनी परत विचारा. माणूस तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत असेल, "काय झालं? मी पडलो का?", उत्तर ऐकून गप्प होतो आणि दोन मिनिटांनी परत तेच, तर नवी आठवण आत टिकत नाहीये. ऐकणाऱ्याला सुरुवातीला ते विनोदी वाटतं. हसू नका, दवाखान्यात न्या.

झोपेचा प्रश्न सगळे विचारतात. झोपू द्यायचं. रात्रभर जागं ठेवल्यानं रक्तस्राव टळत नाही, उलट थकलेल्या माणसाची गुंगी कशामुळे आहे हेच कळेनासं होतं. फक्त झोपण्याआधी तो पूर्ण शुद्धीत आहे ना ते पाहा, आणि पहिल्या रात्री किती वेळा उठवायचं ते डॉक्टरांना विचारून घ्या. उठवायचं म्हणजे नुसता "हं" ऐकून परत जायचं नाही. डोळे उघडून एक पूर्ण वाक्य बोलला पाहिजे. चिडला तर चांगलंच, चिडणारा माणूस जागा असतो. हलवूनही नीट जागा होत नसेल, घोरणं नेहमीपेक्षा वेगळं आणि जड वाटत असेल, तर सकाळची वाट बघायची नाही.

टेंगळावर कापडात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटं धरा. उघडा बर्फ कातडी जाळतो. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालतं. ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन पहिले दोन दिवस टाळा, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. झोपेच्या गोळ्या, गुंगी आणणारी औषधं आणि दारू नकोच.

लहान मुलांसाठी निकष वेगळे

पडल्याबरोबर मोठ्यानं रडलं तर ते बरं लक्षण: शुद्ध गेली नव्हती. कडेवर घेतल्यावर पाच-दहा मिनिटांत शांत होऊन खेळायला लागलं की बहुतेक काळजी मिटते. काही मुलं रडून रडून एकदा ओकतात. तेवढ्यानं घाबरू नका, पण डॉक्टरांना फोन करून सांगा. दुसऱ्यांदा झाली तर घेऊन निघा. वेगवेगळ्या तीन वेळा झाली तर डॉक्टर ते धोक्यात मोजतात.

दोन वर्षांखालच्या मुलाचं टेंगूळ कुठे आहे ते बघा. कपाळावरचं सहसा निरुपद्रवी. डोक्याच्या बाजूला किंवा मागे, हाताला मऊ लागणारी सूज असेल तर खालचं हाड तडकल्याची शंका घ्यायची. या वयात साधारण ३ फुटांहून उंच पडणं म्हणजे जोराचा मार धरतात, दोन वर्षांपुढे ५ फूट. पलंग, ओटा आणि बाळाचं लंगोट बदलायचं टेबल यात काय फरक पडतो ते इथे कळतं. तान्ह्या बाळाची टाळू रडत नसतानाही फुगलेली वाटली, दूध घेईना, किंवा रडणं थांबेचना, तर लगेच दाखवा. झोपलेल्या बाळाला जागं आहे का पाहण्यासाठी गदागदा हलवू नका. त्यानंच मेंदूला इजा होते. गालाला, तळपायाला बोट लावून जागं करा.

आणि "बाळ आज नेहमीसारखं वागत नाहीये" हे आईवडिलांचं वाक्य मुलांच्या डोक्याच्या माराच्या वैद्यकीय निकषांत प्रत्यक्ष लिहिलेलं आहे. ते सांगताना ओशाळू नका. डॉक्टर मात्र मुलाचा लगेच स्कॅन न करता काही तास नजरेखाली ठेवू म्हणाले, तर तो हलगर्जीपणा समजू नका. सीटी स्कॅनमध्ये क्ष-किरणांचा मारा असतो, वाढत्या वयात तो गरजेपुरताच द्यायचा.

लहान मूल असो की मोठं माणूस, मार कसा लागला याची हकीकत जखमेशी जुळत नसेल, कुणी मारलं असेल अशी शंका येत असेल, तर ती डॉक्टरांना एकांतात सांगा.

दवाखान्यात गेल्यावर

शक्य असेल तर तातडीचा विभाग आणि सीटी स्कॅन दोन्ही असलेलं रुग्णालय गाठा. साध्या एक्स-रेत हाड दिसतं, मेंदूतलं रक्त दिसत नाही. "एक्स-रे नॉर्मल आला" यावर निश्चिंत होऊ नका. स्कॅन काही मिनिटांत होतो. वेळेचं महत्त्व आणखी एका कारणानं आहे: रक्तस्राव रोखणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे इंजेक्शन मार लागल्यापासून तीन तासांच्या आत देतात.

सोबत वही न्या, आणि चालू औषधांची पाकिटं न्या. "हृदयाची एक पांढरी गोळी" एवढ्यावरून डॉक्टरांना काही कळत नाही. सांगायचं ते असं: मार किती वाजता, कसा, किती उंचीवरून, शुद्ध गेली का, किती वेळ, उलट्या किती, झटका आला का, पडण्याआधीचं कुठपर्यंत आठवतं (अर्ध्या तासाहून जास्त काळ पुसला गेला असेल तर ते मुद्दाम सांगा), रक्त पातळ करणारी गोळी कोणती, शेवटची कधी घेतली. ज्यानं पडताना पाहिलं त्यालाच बरोबर न्या. मार बसलेल्या माणसाच्या स्वतःच्या सांगण्यावर भिस्त ठेवता येत नाही. शुद्ध गेली होती हे त्याला स्वतःला बहुधा माहीतच नसतं.

पुढचे दिवस

स्कॅन स्वच्छ आला तरी मेंदूला हादरा बसलेला असू शकतो. तो स्कॅनमध्ये दिसत नाही. डोकं जड वाटणं, चक्कर, उजेड-आवाज सहन न होणं, लक्ष न लागणं, झोपेचं तंत्र बिघडणं, लहानसहान गोष्टींवर रडू येणं, हे सगळं त्यात येतं आणि बहुतेकांचं दोन आठवड्यांत ओसरतं. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, पण अंधाऱ्या खोलीत पडून राहायची नाही. घरात हिंडाफिरा, हलकं चाला, मोबाइल आणि टीव्ही कमी करा. मग शाळा किंवा काम थोडं थोडं, त्रास वाढला की एक पायरी मागे. दोन आठवड्यांनंतरही त्रास उरला असेल, वास येईनासा झाला असेल, तर पुन्हा दाखवा.

खेळाडूंनी आणि त्यांच्या प्रशिक्षकांनी एक गोष्ट पाळावी. हादरा बसल्याची नुसती शंका असली तरी त्या दिवशी परत मैदानात उतरायचं नाही. पहिल्या हादऱ्यातून सावरण्याआधी दुसरा मार बसला तर, विशेषतः कोवळ्या वयात, मेंदूला एकाएकी प्रचंड सूज येऊन मृत्यू झालेले आहेत. अंगाला अंग भिडणारे खेळ किमान तीन आठवडे बंद, आणि नंतरही डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच.

वयस्क माणसासाठी त्या वहीतली तारीख पुढे किमान तीन महिने जपून ठेवा. या काळात चाल बदलली, अक्षर बदललं, एका हातातून वस्तू निसटायला लागल्या, दिवसा झोप वाढली, तर वही घेऊनच डॉक्टरांकडे जा. आमच्याकडे आता बाबांचं डोकं कुठे जरासं जरी लागलं, तरी आई कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकटीत लाल पेनानं वेळ लिहून ठेवते.